अर्जाचं बटण फोनवर दिसू द्या : ऑनलाइन अर्ज मागवणाऱ्या विभागांना खुलं पत्र

प्रति,
लोकांकडून ऑनलाइन अर्ज मागवणाऱ्या विभागांचे अधिकारी आणि त्यांची पोर्टलं बांधून देणारे कंत्राटदार

स. न. वि. वि.

बीड जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडसमोर माझं ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं दुकान आहे. दोन संगणक, एक प्रिंटर, एक इन्व्हर्टर, आणि बाहेर बसायला एक बाकडं. दाखले, शिष्यवृत्ती, पीक विमा, परीक्षेचे अर्ज, जे येईल ते भरून देतो. हे करता करता वेबसाइट बांधायलाही शिकलो. तालुक्यातल्या दोन शाळांची, एका पतसंस्थेची आणि काही दुकानदारांची साइट मीच केली आहे. त्यामुळे पोर्टल उघडलं की ते वापरणाऱ्याची अडचण मला दिसते, आणि ती कुठल्या ओळीमुळे आली तेही बहुतेक वेळा कळतं.

पत्र लिहायचं कारण एका ओळीची सूचना आहे. फेब्रुवारीत एका पोर्टलच्या पहिल्या पानावर लाल अक्षरांत लागली : "अर्ज भरण्यासाठी संगणक किंवा लॅपटॉपचाच वापर करावा." त्याआधी मी त्याच पोर्टलच्या मदत कक्षाला मोबाइलवरच्या अडचणीबद्दल सविस्तर ईमेल केला होता, स्क्रीनशॉट जोडून. उत्तर दोन ओळींचं आलं. पोर्टल संगणकासाठी आहे, मोबाइलवर अडचण येत असल्यास अर्जदारानं जवळच्या केंद्रात जावं. आणि मग ही सूचना लागली. विभागाचं नाव मी मुद्दाम घेत नाही. थोड्याफार फरकानं हीच सूचना मी बऱ्याच ठिकाणी वाचली आहे, आणि एका विभागाला धारेवर धरून बाकीचे सुटावेत अशी माझी इच्छा नाही.

जवळचं केंद्र म्हणजे मीच. तुमच्या सूचनेनं माझं गिऱ्हाईक वाढतं. तरीही ती मला मान्य नाही. का, ते सांगतो.

जानेवारीत आमच्या भागातल्या एका ऊसतोड कामगाराचा फोन आला. नवरा-बायको दिवाळीनंतर कोल्हापूरकडे तोडीला गेलेले. मुलगी इथं आजीजवळ राहून शिकते. याच पोर्टलवरच्या तिच्या एका अर्जाची शेवटची तारीख दोन दिवसांवर आली होती. घरात फोन एकच, तो बापाजवळ, आणि नोंदणीचा नंबरही तोच. बापाचं शिक्षण दहावीपर्यंत झालंय, वाचता-लिहिता चांगलं येतं. आदल्या रात्री कोपीत, म्हणजे तोडणीवरच्या झोपडीत बसून त्यानं अर्ज भरायला घेतला. नाव, पत्ता, जात, उत्पन्न, शाळा, सगळं अंगठ्यानं टाइप केलं. तिसऱ्या टप्प्यावर येऊन थांबला. पुढं जायला बटणच नाही. रात्री अकरा वाजता त्यानं मला व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनशॉट पाठवला. त्या अख्ख्या स्क्रीनवर एकच बटण होतं : "मागे जा".

सकाळी मी त्याला फोनवर "डेस्कटॉप साइट" चालू करायला सांगितलं. अक्षरं मुंगीएवढी झाली, बटण तरी दिसेना. शेवटी मी इथं दुकानातल्या संगणकावर अर्ज उघडला. "जतन करा व पुढे जा" हे बटण उजव्या कोपऱ्यात, हिरवंगार, समोरच. सगळा अर्ज मी पहिल्यापासून भरला. ओटीपी त्याच्या फोनवर जायचा. उसाच्या फडात रेंज नाही, म्हणून तो बांधावर जाऊन उभा राहिला. पहिला ओटीपी येईपर्यंत मुदत संपली. दुसरा आला, त्यानं वाचून दाखवला, मी टाकला, तोवर पोर्टलनं मला बाहेर काढलं होतं. तिसऱ्यांदा जमलं. या सगळ्यात पाऊण तास गेला. तेवढा वेळ बायकोनं एकटीनं तोडलं आणि एकटीनंच मोळ्या बांधल्या. कोयता म्हणजे जोडी असते हे तुम्हाला माहीत असेल. संगणक शोधायला तो फड सोडून शहरात गेला असता तर दोघांचा खाडा पडला असता, आणि मुकादम खाड्याचे पैसे उचलीत, म्हणजे आधी दिलेल्या आगाऊ रकमेत धरतो.

अर्ज गेल्यावर त्यानं मला १०० रुपये पाठवले, त्याच फोनवरून. दहा सेकंदांत आले. यूपीआय २०१६ मध्ये सुरू झालं. आज आमच्या बाजारात मेथीची जुडी विकणारी बाईही त्यावर पैसे घेते. ज्या फोनवरून हजारोंचा व्यवहार बिनघोर होतो, त्याच फोनवरून मुलीचा अर्ज जात नाही. फोनात किंवा त्या माणसात काही कमी नव्हतं. कमी तुमच्या पानात होतं.

नेमकं काय कमी होतं ते मी त्याच दिवशी पाहिलं. संगणकावर ब्राउझरची खिडकी हळूहळू अरुंद करत गेलो. पान आकसलंच नाही. अर्जाच्या चौकटीला किमान रुंदी १२०० पिक्सेल ठरवून दिलेली, आणि तिच्या बाहेरच्या चौकटीला हुकूम दिलेला की जे मावणार नाही ते लपव. साध्या अँड्रॉइड फोनची रुंदी ब्राउझरच्या मापात साधारण ३६० पिक्सेल असते. म्हणजे अर्जाचा डावीकडचा एक तृतीयांशापेक्षाही कमी भाग दिसणार, बाकीचा लपणार, आणि सरकवायला पट्टीही नाही. डेस्कटॉप साइट केली तरी फोन साधारण ९८० पिक्सेलचं पान धरतो. बटण त्याच्याही पलीकडं. दोन ओळी बदलल्या असत्या तर ते खाली, पूर्ण रुंदीचं, अंगठ्याखाली आलं असतं. त्या दोन ओळी कुठल्या, ते मी ईमेलमध्ये लिहिलं होतं.

यावर "मोबाइलसाठी वेगळा खर्च लागतो" असं उत्तर मिळतं. हे पटणारं नाही. एकच पान प्रत्येक स्क्रीनवर नीट बसवायची रीत ईथन मार्कोट यांनी २०१० मध्ये मांडली : रुंदी पिक्सेलऐवजी प्रमाणात धरा, चित्रांना चौकटीत आकसू द्या, आणि स्क्रीनच्या मापाप्रमाणं मांडणी बदला. मांडणी बदलण्याची सीएसएसमधली (पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेतली) सोय २०१२ मध्ये अधिकृत मानक झाली. ओळी-रकान्यांत पान मांडायची ग्रिड ही सोय २०१७ पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरांत आहे. यातल्या कशालाही पैसे पडत नाहीत. मी हे दुकान बंद झाल्यावर रात्री मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकलो. कोट्यवधींचं कंत्राट घेणाऱ्या कंपनीला ते येत नसेल यावर माझा विश्वास नाही. तिला कुणी विचारत नाही, एवढंच.

आता बाकीच्या तक्रारी. सगळ्या मी दुकानात रोज बघतो.

सगळ्यात जास्त त्रास मराठीचा होतो, आणि त्याबद्दल कुणीच बोलत नाही. पान आधी इंग्रजीत आखलं जातं. "सेव्ह" एवढ्या शब्दाच्या मापाचं बटण, त्याची उंची-रुंदी पक्की ठोकलेली. मग मराठी करताना त्यात "जात पडताळणी प्रमाणपत्र जोडा" कोंबलं जातं. फोनवर त्यातलं "जात पडता" एवढंच दिसतं. देवनागरीला वर आणि खाली जागा लागते. वर रफार, मात्रा, अनुस्वार. खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय. ओळीची उंची इंग्रजीच्या हिशेबानं ठेवली आणि उरलेलं छाटलं, की अक्षरांची टोकं जातात. गेल्या वर्षी एका मावशींनी अर्ज पाठवण्याआधीचं तपासणीचं पान मला फोनवर दाखवलं. त्यांचं आडनाव "शिदे" दिसत होतं. त्या घाबरल्या, मागं गेल्या, पुन्हा "शिंदे" टाइप केलं, पुन्हा "शिदे". असं चार वेळा. टाइप बरोबरच होतं. चौकटीनं वरचा अनुस्वार कापला होता. दाखल्यावर नाव चुकलं तर दुरुस्तीला किती चकरा पडतात हे आमच्याकडं प्रत्येकाला माहीत आहे, म्हणून त्या घाबरल्या. उंची पक्की न ठोकता "किमान एवढी" ठेवली आणि ओळींत थोडं अंतर सोडलं, की हे होत नाही. मराठी मजकूर शेवटी ओतायचा नसतो, मांडणीच त्याच्यावर बेतायची असते.

तक्त्यांचं दुसरं दुखणं. कॉलेजचा पसंतीक्रम असो की अर्जांची यादी, सात-आठ रकान्यांचा तक्ता टाकतात आणि "निवडा" हा रकाना सगळ्यात उजवीकडं ठेवतात. फोनवर तो रकाना बघायला सरकवावं लागतं, सरकवलं की डावीकडचं कॉलेजचं नाव जातं. मुलं अंदाजानं खूण करतात. चुकीच्या ओळीवर खूण झाली तर ती चूक पोरानं केली असं नोंदीत राहतं. फोनवर प्रत्येक ओळीचं स्वतंत्र कार्ड करा : वर कॉलेजचं नाव, खाली शाखा, त्याखाली बटण. तेवढं पुरे.

टॅबलेटचं तर कुणी धरतच नाही. आमच्या ओळखीच्या एका शिक्षिका टॅबवर माहिती भरतात. बऱ्याच पोर्टलांत ७६८ पिक्सेलच्या खाली मोबाइल आणि वर संगणक असे दोनच कप्पे केलेले असतात. ८०० रुंदीचा टॅब उभा धरला की तो संगणकात मोजला जातो. डावीकडची मेनूची पट्टी २८० पिक्सेल खाते, आणि उरलेल्या ५२० मध्ये सहा रकाने दाटीवाटीनं बसतात. बाईंनी टॅब आडवा धरला, तर कीबोर्ड उघडल्यावर लिहायची चौकटच त्याच्यामागं जाते. त्या आता घरी जाऊन कागदावरचं रात्री मुलाच्या लॅपटॉपवर चढवतात. खरं तर स्क्रीन केवढी आहे हे विचारण्याऐवजी त्या घटकाला स्वतःला किती जागा मिळाली हे विचारलं, तर हा प्रश्न राहत नाही. तशी सोय फेब्रुवारी २०२३ पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरांत आहे. तक्ता मग मेनूशेजारी अरुंद जागेत आला तर आपणच कार्डांत मोडतो, मोकळी जागा मिळाली तर पसरतो.

खिडकीसारखी वर येणारी सूचना फोनच्या उंचीपेक्षा मोठी असते आणि तिचं "बंद करा" वरच्या टोकाला, पडद्याबाहेर. मेनू माउस नेल्यावरच उघडतो, आणि बोटाला माउस नसतो. आधार क्रमांकाच्या रकान्यात आकड्यांऐवजी अक्षरांचा कीबोर्ड येतो. बोटांनी ताणून मोठं करायची सोय काही पोर्टलांनी चक्क बंद केली आहे, म्हणजे चाळिशी लागलेल्या माणसानं करायचं काय? फोटो ५० केबीच्या आत मागता, आणि फोनचा कॅमेरा तीन-चार एमबीचा काढतो. तो लहान करायचं काम ब्राउझर स्वतः करू शकतो, तुम्ही ते अर्जदारावर टाकता. माझ्याकडं फक्त फोटो लहान करून घ्यायला माणसं १५ किलोमीटरवरून येतात.

काही पोर्टलांच्या तळाला अजूनही लिहिलेलं आहे की १०२४ बाय ७६८ च्या स्क्रीनवर इंटरनेट एक्सप्लोररमध्ये उत्तम दिसेल. त्या ब्राउझरला मायक्रोसॉफ्टनं जून २०२२ मध्ये निरोप दिला.

नियम नाहीत असंही नाही. सरकारी संकेतस्थळांसाठीची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून आहेत. त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली आणि तिनं डब्ल्यूसीएजी २.१ ही, संकेतस्थळ प्रत्येकाला वापरता यावं यासाठीची जागतिक नियमावली आधाराला घेतली. त्या नियमावलीत २०१८ पासून स्पष्ट आहे की ३२० पिक्सेल रुंदीवर मजकूर आडवा न सरकवता वाचता यावा, कुठलंही काम अडू नये. मोठ्या आकडेवारीच्या तक्त्याला त्यात सूट आहे, "पुढे जा" या बटणाला नाही. सर्वोच्च न्यायालयानं ३० एप्रिल २०२५ च्या निकालात, अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्यांच्या आणि अंध व्यक्तींच्या केवायसीच्या (ओळख पडताळणीच्या) प्रकरणात, डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणं हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. आपल्याकडं महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ पासून लागू आहे. त्यात सेवेची मुदत अर्ज मिळाल्यापासून मोजतात. अर्ज फोनवरून जातच नसेल तर मुदत सुरूच होत नाही, आणि विलंबाच्या नोंदीत तुमचं काम स्वच्छ दिसतं. त्या कामगाराची अडकलेली रात्र कुठल्याच रजिस्टरात नाही.

पोर्टल ताब्यात घेताना काय होतं हे मला थोडंफार माहीत आहे. बैठकीत प्रोजेक्टर लावतात. निविदेत "मोबाइल फ्रेंडली" असा एक शब्द असतो. कंपनीचा माणूस लॅपटॉपवर खिडकी अरुंद करून पहिलं पान दाखवतो, माना डोलतात, पुढचा मुद्दा. पहिलं पान नेहमीच बरं असतं. अडतं ते तिसऱ्या टप्प्यावर, कीबोर्ड उघडा असताना, नेट अर्धं असताना, एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात कागद असताना.

अशी चूक मीही केली आहे. पतसंस्थेच्या साइटवर ठेवींच्या व्याजदराचा तक्ता टाकला होता, माझ्या संगणकावर सुरेख दिसायचा. एका निवृत्त सभासदांनी फोन पुढं करून विचारलं, ज्येष्ठांचा दर कुठं आहे? तो रकाना पडद्याबाहेर होता. त्याच रात्री बदलला, तासभर लागला. त्या सभासदाला मी "लॅपटॉप घ्या" असं सांगितलं असतं तर संस्थेनं माझं काम काढून घेतलं असतं, आणि ते बरोबरच झालं असतं.

माझ्या मागण्या अशा आहेत.

संगणकच वापरा असं सांगणारी सूचना आजच काढा. अडचण दुरुस्त होईपर्यंत तिथं लिहा की मोबाइलवर अमुक टप्प्यावर अडचण आहे, दुरुस्ती चालू आहे आणि अमुक तारखेपर्यंत होईल. तोवर अर्जाची शेवटची तारीख पुढं न्या.

निविदेतला "मोबाइल फ्रेंडली" हा शब्द काढून मापं लिहा. ३२० पिक्सेलवर आडवं सरकवणं नको. अक्षरं दुप्पट केली तरी काही कापलं जाऊ नये. बोटानं दाबायची जागा किमान २४ बाय २४ पिक्सेल, डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये आहे तेवढी तरी, आणि मुख्य बटणं त्याहून ऐसपैस. टॅब उभा आणि आडवा, दोन्ही. हे सगळं मराठी मजकुरावर तपासायचं, इंग्रजीवर नाही.

कंत्राटदाराचं शेवटचं बिल काढण्याआधी साध्या, चार-पाच वर्षं जुन्या अँड्रॉइड फोनवर, मोबाइल डेटावर, तालुक्याच्या ठिकाणी, पोर्टल न बांधलेल्या माणसाकडून अख्खा अर्ज भरून घ्या. पहिल्या पानापासून पावती हातात पडेपर्यंत. त्याचं स्क्रीन रेकॉर्डिंग बिलाला जोडा. पावती निघाली नाही तर बिल निघू नये.

प्रत्येक टप्प्यावर भरलेलं आपोआप जतन करा. रेंज गेली, ओटीपी उशिरा आला, वेळ संपली, तरी माणूस परत आल्यावर तिथूनच सुरू झालं पाहिजे. बाहेर काढण्याआधी विचारा, आणखी वेळ हवा का?

आणि मदत कक्षाला आलेली तक्रार ज्यानं पान लिहिलं त्याच्यापर्यंत पोहोचू द्या. माझा ईमेल त्या प्रोग्रॅमरनं वाचला असता तर त्यानं दुपारपर्यंत दुरुस्त केलं असतं, असं मला वाटतं. त्यालाही आपलं काम नीट झालेलं हवंच असणार.

माझ्या धंद्याचं काय, असं कुणी विचारेल. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही, ज्यांच्याजवळ फोन नाही, ज्यांची कागदपत्रं गुंतागुंतीची आहेत, ती माणसं माझ्याकडं येतीलच आणि त्यांचं काम मी मन लावून करीन. ज्याला स्वतःला करता येतं त्याचे १०० रुपये एका लपलेल्या बटणासाठी मला नकोत. त्या कामगाराचे मी परत पाठवले. त्यानं ते पुन्हा माझ्याकडं पाठवले, म्हणाला, तुमचा वेळ गेला.

ऑक्टोबरात आमच्याकडच्या टोळ्या पुन्हा निघतील. काही पालकांचे अर्ज त्यानंतर असतात, कोपीतून भरायचे. तोवर सात-आठ महिने आहेत. वर सांगितलेल्या दुरुस्त्यांना एवढा वेळ लागत नाही.

दुकानात मी एक जुना अँड्रॉइड फोन ठेवला आहे, ३६० रुंदीचा, काच एका कोपऱ्यात तडकलेली. प्रत्येक साइट गिऱ्हाइकाला देण्याआधी मी त्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत चालवून बघतो. तुमच्यापैकी कुणीही यावं, तुमचं पोर्टल या फोनवर उघडावं आणि माझ्यासमोर एक अर्ज भरावा. जिथं अडेल तिथली ओळ मी दाखवीन, पैसे घेणार नाही. सोमवार ते शनिवार, सकाळी नऊ ते संध्याकाळी सात मी दुकानातच असतो.

आपला,
एक ऑनलाइन सेवा केंद्रचालक
जि. बीड